नवजात बालकांतील रक्तबिंबिकांची न्यूनता : पहिल्या बाळाची नोंद, दुसऱ्या बाळाचे रक्षण

बाळंतपण सुखरूप पार पडले, बाळ रडले, अंगावर पिऊ लागले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या छातीवर व पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके उमटले, तर घरातील मंडळी त्याचा अर्थ आपापल्या समजुतीप्रमाणे लावतात. कोणी अंगात उष्णता झाली म्हणतात, कोणी दृष्ट लागली म्हणतात, तर कोणी बाळंतपण करणाऱ्या परिचारिकेच्या हाताळणीला दोष देतात. नवजात बालकाच्या अंगावर पुरळ येण्याची बहुतेक कारणे निरुपद्रवी असतात, हे खरे आहे. परंतु बोटाने दाबल्यावरही नाहीसा न होणारा ठिपका हा पुरळ नसून त्वचेखाली झालेला सूक्ष्म रक्तस्राव असतो. असा रक्तस्राव त्वचेखाली होत असेल, तर तो मेंदूतही होऊ शकतो.

अशा रक्तस्रावाच्या मुळाशी पुष्कळदा रक्तातील ‘रक्तबिंबिका’ या घटकाची न्यूनता असते. सर्वसामान्यांना हा घटक ‘प्लेटलेट’ या नावाने, विशेषतः डेंग्यूच्या साथींमुळे, परिचित झाला आहे. नवजात बालकात ही न्यूनता अनेक कारणांनी निर्माण होते. त्यांपैकी एक कारण असे आहे की, आईच्या शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणाच बाळाच्या रक्तबिंबिकांचा नाश घडवून आणते. हा आजार विरळा आहे. पण तो वेळेवर ओळखला गेला, तर त्या बाळाचे व त्याच्या पाठच्या भावंडांचेही प्राण व बुद्धी वाचविता येतात. ओळखलाच गेला नाही, तर तोच प्रसंग पुढील बाळंतपणात, बहुधा अधिक तीव्र स्वरूपात, पुन्हा ओढवतो. म्हणूनच या विषयाची मूलभूत माहिती आरोग्य खात्याबाहेरील कार्यकर्त्यांनाही असणे इष्ट आहे.

रक्तबिंबिकांचे कार्य

रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका असे तीन प्रमुख घटक असतात. इटलीतील तुरीन येथील शास्त्रज्ञ ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली रक्तबिंबिकांचे स्वतंत्र अस्तित्व व रक्त थांबविण्यातील त्यांचे कार्य स्पष्ट केले. अस्थिमज्जेतील मोठ्या आकाराच्या पेशींपासून रक्तबिंबिका सुट्या होतात आणि साधारणपणे सात ते दहा दिवस रक्तात वावरतात. रक्तवाहिनीला कोठे इजा झाली की त्या तेथे धावून जातात, एकमेकींना चिकटतात आणि छिद्र बुजवितात. धरणाच्या भिंतीला भेग पडल्यावर प्रथम मातीच्या गोण्या टाकून पाणी अडवावे आणि मग पक्के बांधकाम करावे, त्यातील गोण्या टाकण्याचे काम रक्तबिंबिकांचे असते.

निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरमागे दीड लाख ते साडेचार लाख रक्तबिंबिका असतात. पूर्ण दिवसांच्या नवजात बालकातही हीच मर्यादा मानली जाते. संख्या दीड लाखाच्या खाली गेली की न्यूनता आहे असे म्हणतात. पन्नास हजारांच्या खाली गेल्यास ती गंभीर समजली जाते. संख्या जितकी कमी, तितका आपोआप रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो.

जे कवच तेच क्वचित शस्त्र

या आजाराचे मर्म समजण्यासाठी आई व गर्भ यांच्यातील एका विलक्षण व्यवस्थेकडे वळावे लागते. आईचे व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंच्या मध्ये वार असते. वारेतून अन्न व प्राणवायू बाळाकडे जातात. त्याचबरोबर, गर्भधारणेच्या चौथ्या महिन्याच्या सुमारापासून आईच्या रक्तातील एका विशिष्ट गटाची प्रतिपिंडेही बाळाकडे जाऊ लागतात. प्रतिपिंडे म्हणजे शरीराने परक्या द्रव्याविरुद्ध तयार केलेली प्रथिने. गरोदर स्त्रीला धनुर्वात व घटसर्प प्रतिबंधक लस देण्यामागे हेच तत्त्व आहे. लस आईला टोचली जाते. तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत ती त्याचे धनुर्वातापासून रक्षण करतात.

वारेला मात्र हितकर प्रतिपिंड कोणते आणि अहितकर कोणते, याची निवड करता येत नाही. आईच्या रक्तात रक्तबिंबिकांविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर तीही त्याच मार्गाने बाळाकडे जातात. बाळाच्या रक्तबिंबिकांना ती चिकटतात आणि अशा प्रतिपिंडांनी माखलेल्या रक्तबिंबिका प्लीहेमध्ये नष्ट केल्या जातात. आईच्या रक्तात ही प्रतिपिंडे दोन निराळ्या कारणांनी निर्माण होतात. या दोन प्रकारांतील फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे. कारण दोहोंतील धोका व उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार : आईच्याच आजाराची छाया

काही स्त्रियांची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच रक्तबिंबिकांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. जर्मन वैद्य पॉल वेर्लहोफ यांनी १७३५ मध्ये या आजाराचे वर्णन केले होते. मात्र त्याचे कारण दोन शतके अज्ञात राहिले. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा एका रुग्ण स्त्रीचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्यांच्या रक्तबिंबिकांची संख्या अत्यंत खाली घसरली, त्यांना झटकाही आला आणि काही दिवसांनी संख्या पूर्ववत झाली. रक्तबिंबिकांचा नाश करणारा घटक रुग्णाच्या रक्तातच असतो, हे या धाडसी प्रयोगाने सिद्ध झाले.

अशी स्त्री गरोदर राहिली तर तिची प्रतिपिंडे बाळाच्याही रक्तबिंबिकांना लागू पडतात. तथापि दिलासा देणारी गोष्ट अशी की, अशा मातांच्या सुमारे नऊ-दशांश बालकांत संख्या पन्नास हजारांच्या वरच राहते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. येथे मुख्य सावधगिरी जन्मानंतरची असते. जन्माच्या वेळी बरी असलेली संख्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जाते. ज्या दिवशी बाळाला घरी पाठविण्याची घाई असते, नेमका तोच हा काळ. म्हणून अशा बाळाची रक्ततपासणी केवळ जन्मतः करून भागत नाही. ती पहिल्या आठवड्यात पुन्हा करावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत पुष्कळ निरोगी स्त्रियांच्या, शंभरात सुमारे पाच ते दहा जणींच्या, रक्तबिंबिका थोड्या कमी होतात. ही घट बहुधा सौम्य असते, बाळाला तिचा उपद्रव होत नाही आणि बाळंतपणानंतर ती आपोआप भरून येते. तेव्हा अहवालातील आकडा थोडा कमी दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र रक्तदाब वाढलेला असणे, ताप असणे किंवा गरोदरपणापूर्वीपासून अंगावर काळे-निळे डाग पडण्याचा इतिहास असणे, यांपैकी काही आढळल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

दुसरा प्रकार : आई निरोगी, बाळ संकटात

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा व अधिक फसवा आहे. येथे आई पूर्णपणे निरोगी असते, तिच्या रक्तबिंबिकांची संख्याही निर्दोष असते. बाळ मात्र जन्मतः, किंबहुना गर्भातच, गंभीर न्यूनतेने ग्रस्त असते. हॅरिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली निरोगी मातांच्या अशा बालकांकडे लक्ष वेधले. पुढे १९५९ मध्ये नेदरलँडमधील व्हॅन लोघेम यांनी या आजाराला कारणीभूत होणारा रक्तबिंबिकांवरील प्रमुख प्रतिजन शोधून काढला.

ज्याप्रमाणे तांबड्या पेशींचे ए, बी, ओ आणि आर-एच असे गट असतात, त्याचप्रमाणे रक्तबिंबिकांचेही गट असतात. त्यांना ‘एचपीए’ गट असे नाव देण्यात आले आहे. बाळाला निम्मा वारसा आईकडून व निम्मा वडिलांकडून मिळतो. वडिलांकडून आलेला एखादा गट आईच्या रक्तबिंबिकांवर नसेल, तर आईच्या शरीराला तो परका वाटतो आणि काही मातांमध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. आईच्या स्वतःच्या रक्तबिंबिकांवर तो गट नसल्यामुळे तिला काहीच होत नाही. सर्व परिणाम बाळाला भोगावा लागतो. यांपैकी सर्वांत अभ्यासला गेलेला गट ‘एचपीए-१-ए’ हा होय. त्याच्या असण्या-नसण्यातील फरक आश्चर्य वाटावे इतका लहान आहे : रक्तबिंबिकेवरील एका प्रथिनात तेहेतिसाव्या स्थानी ल्युसीनऐवजी प्रोलीन हे अमिनो आम्ल असते, इतकेच.

युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातील सुमारे दोघांच्या रक्तबिंबिकांवर हा गट नसतो आणि तेथे हजार जन्मांत सुमारे एका बाळाला हा आजार होतो. हे आकडे जसेच्या तसे सर्वत्र लागू करता येत नाहीत. जपान व चीनमध्ये तो गट नसलेली माणसे फारच विरळ असून तेथे रक्तबिंबिकांवरील अन्य गट व प्रथिने या आजाराला कारणीभूत होतात. आजाराची रीत मात्र सर्वत्र एकच आहे.

आर-एच दोषाशी तुलना

गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना आर-एच दोषाची माहिती असते. आई आर-एच ऋण व बाळ आर-एच धन असल्यास आईच्या शरीरात बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तथापि पहिले बाळ सहसा सुटते. शिवाय प्रत्येक गरोदर स्त्रीचा रक्तगट तपासला जातो आणि १९६८ पासून उपलब्ध झालेले ‘अँटी-डी’ इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देऊन पुढील बाळाचे रक्षण करता येते.

रक्तबिंबिकांच्या दोषात या तिन्ही गोष्टी प्रतिकूल आहेत. पहिलेच बाळ आजारी असण्याचा संभव मोठा असतो; निदान झालेल्या कुटुंबांपैकी सुमारे निम्म्यांत पहिलेच अपत्य बाधित आढळते. गरोदर स्त्रियांच्या रक्तबिंबिकांचा गट नेहमीच्या तपासणीत पाहिला जात नाही. अँटी-डीसारखे प्रतिबंधक इंजेक्शनही या आजारासाठी अद्याप वापरात आलेले नाही. परिणामी, हा आजार ओळखण्याची पहिली संधी म्हणजे पहिले आजारी बाळच होय. ती संधी दवडली गेली तर दुसरी संधी पुढील संकटाच्या रूपानेच येते.

या प्रकारात सर्वांत मोठे भय मेंदूतील रक्तस्रावाचे असते. निदान झालेल्या बालकांपैकी शंभरात दहा ते वीस बालकांत तो आढळतो आणि त्यांपैकी बहुतेक प्रसंगी तो जन्माआधी, गर्भातच झालेला असतो. यातून बाळ दगावू शकते; वाचल्यास अपंगत्व, फेफरे, दृष्टिदोष अथवा मतिमंदत्व मागे राहू शकते. प्रसूतीच्या वेळी डोक्याला मार बसला, असा जो निष्कर्ष अशा प्रसंगी घाईने काढला जातो, तो नेहमीच खरा नसतो, हे यावरून ध्यानात येईल.

आजार ओळखावा कसा ?

पुढील लक्षणांपैकी कोणतेही लक्षण जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आढळल्यास बाळाला त्वरित रुग्णालयात नेले पाहिजे :

(१) अंगावर लाल-जांभळे ठिपके असणे व पारदर्शक काचेच्या पेल्याने दाबल्यावरही ते नाहीसे न होणे. (२) प्रसूतीत दाब न पडलेल्या जागी काळे-निळे डाग उमटणे. (३) नाळेतून, नाका-तोंडातून, लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे. टोचलेल्या जागेचे रक्त लवकर न थांबणे. (४) बाळ अकस्मात निस्तेज होणे, दूध न ओढणे, झटके येणे, टाळू फुगणे किंवा रडण्याचा स्वर कर्कश होणे.

काळी-सावळी त्वचा असलेल्या बालकात ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, टाळा व डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पाहिल्यास ते लक्षात येतात.

रक्तस्राव म्हणजे हाच आजार, असे मात्र समजू नये. नवजात बालकात रक्तबिंबिका कमी होण्याचे अधिक वारंवार आढळणारे कारण म्हणजे जंतुसंसर्ग. जन्मतः गुदमरणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भात वाढ खुंटणे आणि प्रसूतीच्या सुमारास आईला झालेला डेंग्यू ही अन्य कारणे होत. के जीवनसत्त्वाच्या अभावीही रक्तस्राव होतो, पण त्यात रक्तबिंबिकांची संख्या योग्य असते. हा अभाव टाळण्यासाठीच जन्मतः प्रत्येक बाळाला त्या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाते. म्हणून डॉक्टर प्रथम जंतुसंसर्गाचा विचार करतात व आवश्यक तर त्याचे उपचार सुरू करतात. परंतु पूर्ण दिवसांचे, वजनाने चांगले, अन्यथा निरोगी दिसणारे बाळ पहिल्या दोन-तीन दिवसांत ठिपके दाखवीत असेल व त्याची संख्या पन्नास हजारांच्या खाली असेल, तर आई व बाळ यांच्या गटातील विसंगतीची शंका घेतलीच पाहिजे.

रक्ताचा नमुना घेण्यातही दक्षता हवी. टाचेतून पिळून काढलेल्या रक्तात गुठळी होऊन संख्या खोटी कमी दिसू शकते. शिरेतून घेतलेला नमुना व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली काचपट्टी यांनी आकड्याची खातरजमा करावी लागते. त्याच वेळी आईच्या रक्तबिंबिकांची गणना केल्यास पहिला व दुसरा प्रकार यांतील भेद बराचसा स्पष्ट होतो. बाळाच्या टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी करणे हाही तपासणीचा अनिवार्य भाग आहे. प्रतिपिंडे व गट यांच्या निश्चितीसाठी आई, वडील व बाळ अशा तिघांचे रक्त विशेष प्रयोगशाळेत पाठवावे लागते.

या शास्त्राशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ या नावाने जगभर ओळखला जाणारा दुर्मिळ रक्तगट शोधला. १९५७ साली मुंबईत सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रतिरक्षा-रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था विकसित झाली. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात ती कार्य करते.

उपचार

नवजात बालकाच्या उपचाराचे मुख्य साधन म्हणजे रक्तबिंबिका देणे. बाळाच्या दर किलो वजनामागे दहा ते पंधरा मिलिलिटर, म्हणजे तीन किलोच्या बाळाला तीस ते पंचेचाळीस मिलिलिटर इतक्याच त्या लागतात. दुसऱ्या प्रकारात ज्यांच्या रक्तबिंबिकांवर तो विशिष्ट गट नाही अशा दात्याच्या रक्तबिंबिका सर्वोत्तम. पण त्या सहजी मिळत नाहीत. त्यांच्या प्रतीक्षेत वेळ घालविणे योग्य नसते. कोणत्याही सुयोग्य दात्याच्या रक्तबिंबिका तातडीने दिल्यास तात्पुरता लाभ होतो. प्रसंगी खुद्द आईच्या रक्तबिंबिकाही उपयोगी पडतात, कारण त्यांवर तो गट नसतोच. मात्र आईच्या रक्तद्रवात प्रतिपिंडे असल्याने त्या धुऊन व योग्य प्रक्रिया करून द्याव्या लागतात. याखेरीज अनेक दात्यांच्या रक्तापासून तयार केलेले इम्युनोग्लोब्युलिन हे औषध शिरेतून दिले जाते; त्यामुळे रक्तबिंबिकांचा नाश मंदावतो.

केवळ आकडा वाढविण्यासाठी रक्तबिंबिका देत राहणे हितावह नसते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत, पन्नास हजारांखाली संख्या जाताच रक्तबिंबिका दिलेल्या बालकांत मृत्यू व मोठे रक्तस्राव यांचे एकत्रित प्रमाण पंचवीस हजारांपर्यंत थांबलेल्या बालकांपेक्षा अधिक आढळले. केव्हा द्यायच्या व केव्हा थांबायचे, हा निर्णय तज्ज्ञांवरच सोपविला पाहिजे.

आईकडून आलेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात आणि बाळाच्या रक्तबिंबिका पूर्ववत होतात. मेंदूला इजा झालेली नसल्यास बाळ संपूर्ण निरोगी वाढते. स्तनपान बंद करण्याचे सामान्यतः कारण नसते. इम्युनोग्लोब्युलिन दिले असल्यास गोवर-रुबेलाची लस केव्हा टोचावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे; कारण त्या औषधामुळे या लसीचा परिणाम कमी होऊ शकतो.

पुढील गरोदरपण

एकदा निदान झाले की पुढील गरोदरपणाचा मार्ग बराच सुकर होतो. वडिलांकडे कारणीभूत गटाच्या दोन्ही जनुकप्रती असतील, तर पुढील प्रत्येक बाळाला धोका असतो. एकच प्रत असल्यास दर खेपेस निम्मी शक्यता असते. बाळाचा गट आता काही केंद्रांत आईच्या रक्ताच्या नमुन्यातूनच कळू शकतो.

पूर्वी उपचार कठीण होते. १९८४ साली पॅरिसमध्ये फर्नांड डाफोस यांनी गर्भातील बाळाच्या नाळेत सुई घालून त्याला रक्तबिंबिका देण्याचा मार्ग दाखविला. पण त्या कृतीतच बाळाला धोका होता. १९८८ मध्ये न्यूयॉर्कचे जेम्स बसेल व सहकाऱ्यांनी आईला दर आठवड्याला इम्युनोग्लोब्युलिन देऊन गर्भाचे रक्षण करता येते, असे दाखविले. आज हाच उपचार प्रमुख मानला जातो. मात्रा आईच्या दर किलो वजनामागे अर्धा ते एक ग्रॅम अशी असल्याने तो खर्चिक आहे. प्रसूती रक्तबिंबिकांची सोय असलेल्या रुग्णालयात, आधी योजून केली जाते. चिमटा वा निर्वात उपकरणाचा वापर टाळला जातो. अशा दक्षतेने केलेल्या गरोदरपणात मेंदूतील रक्तस्राव क्वचितच घडतो.

उपचार लवकर सुरू करावा लागत असल्याने गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच होणे येथे निर्णायक ठरते. आईच्या सख्ख्या बहिणींमध्येही तोच गट नसण्याचा संभव असल्याने त्यांनीही आपल्या डॉक्टरांना ही माहिती द्यावी.

नोंदीचे महत्त्व

वरील विवेचनाचे सार एका गोष्टीत सामावलेले आहे. हे सर्व उपचार पहिल्या बाळाच्या आजाराचे नाव कागदावर आले असेल तरच शक्य होतात. बाळ दगावले आणि नोंदीत केवळ ‘अशक्तपणा’ किंवा ‘जन्मतः मार’ असे लिहिले गेले, तर दोन वर्षांनी तीच माता दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या डॉक्टरपुढे कोऱ्या इतिहासानिशी उभी राहते. माहेरी बाळंतपण व सासरी वास्तव्य अशी रीत असलेल्या आपल्या समाजात, तसेच ऊसतोडीसाठी व वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत, कागद हरवण्याचा धोका मोठा असतो.

म्हणून घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर रक्तबिंबिकांची संख्या तारखेसह, मेंदूच्या सोनोग्राफीचा निष्कर्ष, दिलेले रक्तघटक व औषधे आणि तपासणीसाठी पाठविलेल्या नमुन्यांचा निकाल या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. त्यांची नक्कल माता व बाल संरक्षण कार्डात जोडावी. बालमृत्यूच्या चौकशीत आधीच्या अपत्यांच्या रक्तस्रावाविषयी आवर्जून विचारावे.

गावपातळीवरील कर्तव्ये

नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी विकसित केली आणि तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी गृहभेट देते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही भेट असते. तिसऱ्या दिवसाची भेट या आजाराच्या दृष्टीने मोलाची आहे. त्या वेळी बाळाचे कपडे काढून सर्वांग उजेडात पाहिले जावे.

पंचायत सदस्यांनी वाहनाची तजवीज पाहावी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत आजारी अर्भकाचे उपचार, तपासण्या, रक्त व वाहतूक विनामूल्य आहेत, याची माहिती ग्रामसभेत द्यावी. वाटेत बाळाला आईच्या छातीशी उबेत धरावे. ठिपके दिसत असताना डागण्या देणे, जोराने मालीश करणे, बारशाला कान टोचणे हे प्रकार टाळलेच पाहिजेत.

रक्तदानाचे महत्त्व येथे विशेष आहे. रक्तबिंबिका वीस ते चोवीस अंश सेल्सियस तापमानात, सतत हलत्या स्थितीत, केवळ पाच दिवस टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. वर्षातून एकदा मोठे शिबिर भरविण्याऐवजी तालुक्यातील गावांनी आळीपाळीने वर्षभर लहान शिबिरे भरविली, तर ती अधिक उपयुक्त ठरतील. शिक्षकांना आनुवंशिकता व रक्तगट हे धडे शिकविताना या आजाराचे उदाहरण देता येईल.

सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य समजुतीचे आहे. या आजारात आईचे रक्त ‘वाईट’ नसते आणि वडिलांचेही नसते. दोन निरोगी माणसांच्या रक्तातील एका सूक्ष्म भिन्नतेचा तो परिणाम असतो. अपत्य गमावलेल्या मातेला अपशकुनी ठरविल्यास ती पुढच्या वेळी आपला इतिहास लपवील आणि त्याची किंमत दुसऱ्या बाळाला मोजावी लागेल. तिला विश्वासात घेऊन, तिच्या हाती नीट लिहिलेला कागद देऊन आणि पुढील गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांतच तिला तज्ज्ञांकडे पोहोचवून ग्रामीण कार्यकर्ते जे साधू शकतात, ते मोठ्या रुग्णालयातील महागड्या औषधाइतकेच मोलाचे आहे.